तीन आवृत्त्यांचा उन्हाळा

कूलरच्या जाळ्यांतलं जुनं गवत काढलं, नवं भरलं, टाकीत पाणी ओतलं आणि बटण दाबलं. पहिल्या झोतासरशी ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला. अकोल्यात एप्रिल असा नाकातून घरात शिरतो. दरवर्षी हा वास आला की मला एकच उन्हाळा आठवतो. आमची मागची खोली, खिडक्यांवर टाकलेल्या ओल्या चादरी, फरशीवर पसरलेले कागद, आणि ताईचा दबका आवाज, "मी दार नाई उघडत. मी आधी कान लावून पाहतो."

आमच्या वऱ्हाडात बायकाही 'मी जातो', 'मी पाहतो' असंच म्हणतात. पुण्याच्या माणसांना त्याचं हसू येतं. ताईच्या तोंडी मात्र ते वाक्य असं बसायचं की त्या अंधाऱ्या काल्पनिक दारापाशी ती खरोखर उभी आहे असं वाटायचं. दार खेळातलं होतं. कान खरे होते.

ताई म्हणजे वैशाली, माझी मोठी बहीण. लग्नाआधी ती इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायची. सुई कधी टोचली ते समोरच्याला कळू नये असा तिचा हात होता. लग्न होऊन ती अमरावतीला गेली आणि त्या वर्षी होळीच्या सुमारास एक पिशवी घेऊन परत आली. मारहाण नव्हती, हे आई सगळ्यांना सगळ्यात आधी सांगायची. खरंच नव्हती. फक्त नोकरी सुटली होती, मोबाईल सासूच्या कपाटात असायचा, आणि घरची माणसं बाहेर गेली की दाराला बाहेरून कुलूप लागायचं. दिवस खराब आहेत, तुझ्याच काळजीपोटी लावतो, असं तिचा नवरा म्हणायचा. एक दिवस ती अशीच आत असताना गॅस गळायला लागला. तिने रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि जाळीला तोंड लावून बसून राहिली. संध्याकाळी नवरा आल्यावर तिने सांगितलं. तो म्हणाला, "बंद केला ना मग? झालं तर." दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला दार उघडलं गेलं, तेव्हा ती चालत बाहेर पडली आणि थेट बडनेऱ्याच्या स्टेशनवर गेली.

घरी आली खरी, पण इथेही ती आतच राहिली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. शेजारपाजाऱ्यांना सांगितलं गेलं की वैशाली उन्हाळ्यासाठी माहेरी आली आहे. उन्हाळा लांबायला लागला तसं तिला समोरच्या खोलीत बसू नको म्हणून सांगितलं गेलं. कोणी रागावून सांगितलं नाही. आई म्हणायची, "कशाले उगाच कोणी विचारीन अन् तुले त्रास होईन." इतक्या मायेने सांगितलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न त्या घरात सगळ्यांनाच पडलेला असायचा.

जयंतीच्या निळ्या पताका गल्लीत लागल्या. विहाराजवळच्या मांडवात बाबांचं भाषण असायचं, त्याही वर्षी होतं. मुलींना शिकवा, त्यांना पायावर उभं करा, हे ते मनापासून बोलायचे आणि फार चांगलं बोलायचे. लाऊडस्पीकरचा आवाज आमच्या मागच्या खोलीपर्यंत स्वच्छ यायचा. ताई भिंतीला टेकून ऐकत होती. बाबा घरी आल्यावर तिने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "भाषण चांगलं झालं, बाबा." बाबांनी ग्लास दोन्ही हातांत धरला, पाणी प्यायले नाहीत, आणि बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले.

मी तेव्हा स्पर्धा परीक्षांच्या मागे लागलेला होतो. एक परीक्षा हुकली की दुसरीची जाहिरात, जाहिरात नाही आली तर तिची वाट. माझ्या वर्गातली मुलं कामाला लागली होती, काहींची लग्नं झाली होती, आणि मी अजून राज्यघटनेची कलमं पाठ करत होतो. अभ्यासिकेतला कूलर बिघडल्यावर मी दुपारी घरीच बसू लागलो. त्या उन्हात बाहेर पडायची सोय नव्हती. रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायचं, गल्लीतली कुत्रीसुद्धा नालीत अंग टाकून पडायची, आणि बारा वाजता दार लावलं की सूर्य कलेपर्यंत ते उघडायचं नाही असा अकोल्याचा कायदाच होता. आत दोघं भावंडं. एक परत पाठवली जाण्याची वाट पाहणारी, एक निवडला जाण्याची.

त्यात पंकज आला. पंकज माझा शाळेपासूनचा मित्र, पातूरकडच्या शेतकरी घरातला. इंजिनीअर होऊन पुण्याला गेला होता आणि त्या उन्हाळ्यात अकोल्याला काकांकडे येऊन राहिला होता. सुट्टीवर आलोय, असं त्याने घरी सांगितलं होतं. नोकरी गेली होती हे फक्त मला माहीत होतं. काकांनी जास्त प्रश्न विचारू नयेत म्हणून तो दुपारभर आमच्याकडे येऊन बसायचा. एक दिवस येताना त्याने जड सॅक आणली, त्यातून तीन पुस्तकं काढून फरशीवर ठेवली, आणि त्यांच्या बाजूला एक छोटी पिशवी उपडी केली. तिच्यातून फासे घरंगळले. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे.

"हे काय, लुडो हाय का?" ताईने विचारलं.

"नाई ताई. याच्यात पट नसते," पंकज म्हणाला. "मी एक गोष्ट सांगत जातो. गुहा हाय, किल्ला हाय, राक्षस हाय. तुमी दोघं त्या गोष्टीतले माणसं. मी विचारीन, आता काय करता? तुमी सांगाचं. जमते का नाई असं वाटलं तं फासा टाकाचा."

"जिंकते कोण?"

"कोणीच नाई. खेळत राहाचं."

ताई थोडी हसली. "मंग याच्यात नवीन काय हाय?"

एकाच खेळाच्या त्या तीन आवृत्त्या होत्या. सगळ्यात नवी गुळगुळीत कागदाची, पानापानावर रंगीत चित्रं, मांडीवर ठेवली तर मांडी गार व्हायची. मधली तिच्याहून जाड, जुन्या पुस्तकांच्या बाजारातून घेतलेली, कुणीतरी पेन्सिलीने खुणा केलेली. आणि सगळ्यात जुनी म्हणजे एका पातळ पुस्तकाची झेरॉक्स, पुण्याच्या होस्टेलवर हातोहात फिरलेली, उजव्या बाजूची अक्षरं कापली गेलेली.

आम्ही नवीपासून सुरुवात केली, कारण पंकजला ती आवडायची. तिच्यात माणूस पहिल्यापासूनच तगडा असतो. त्याला कला येतात, मंत्र येतात, आणि जखमी होऊन पडला तरी तो लगेच मरत नाही. फासे टाकायचे, तीनदा साधलं तर जीव वाचतो. आणि एकदा रात्रभर झोप काढली की सकाळी सगळ्या जखमा भरलेल्या. ताईचा योद्धा एका राक्षसाच्या हाताने चांगलाच लोळला होता. पंकज म्हणाला, "आता झोपा, ताई. सकाळी तुमी एकदम ठीक."

"एकदम?"

"एकदम."

ताईने पेन्सिल खाली ठेवली. "कोणाच्या भरतेत रे अशा एका रात्रीत?" पंकजला वाटलं ती गंमत करते आहे. तो हसला. ती हसत नव्हती.

मला मधली आवृत्ती भावली. तिच्यात प्रत्येक गोष्टीला नियम होता. ओल्या भिंतीवर चढायचं तर किती अवघड, दोर बांधायला किती कौशल्य लागतं, पहारेकऱ्याशी खोटं बोलायचं तर फाशात किती मिळवायचं, सगळं लिहिलेलं. परीक्षेच्या पुस्तकांत वाढलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं? मी ती पुस्तकासारखी नाही, अभ्यासक्रमासारखी वाचली. ताईला मात्र तिच्यात गुदमरायला व्हायचं. एकदा तिचा माणूस खोल खड्ड्यात पडला. ती म्हणाली, साडी नाहीतर अंगरखा फाडून दोर करतो. पंकजने तिच्या कागदावर पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्याजवळ ते कौशल्य नाई, ताई."

"कपडा फाडाले कौशल्य लागते?"

"नियमात तसं हाय."

"म्हंजे जे कागदावर लिहिलं नाई, थे माह्यानं होत नाई?"

त्या दिवशी ती उरलेला वेळ खेळली नाही. खिडकीवरची चादर वाळली होती, ती तिने बादलीत बुडवून पुन्हा टाकली, आणि चादरीतून गळणारं पाणी पाहत बसली.

जुनी आवृत्ती तिने आपणहून उचलली. आम्ही दोघं झोपलो होतो त्या दुपारी तिने ती अख्खी वाचून काढली, कापलेल्या ओळी अंदाजाने जुळवत. उठलो तेव्हा म्हणाली, "हे पुस्तक चांगलं हाय. याच्यात काईच लिहिलं नाई."

खरंच नव्हतं. माणूस बनवायचा तर जसे फासे पडतील तसा तो. दुबळा पडला तर दुबळा. जिवाचा आकडा शून्यावर आला की मेला, पुन्हा संधी नाही. ताईचा पहिला माणूस पहिल्याच दारात विषारी काट्याने मेला. तिने शांतपणे दुसरा बनवला. तो जिन्यावर मेला. तिसरा बनवला, एक खोकणारी म्हातारी चोर, आणि ती मात्र मरेना. कारण ती लढायचीच नाही. दाराला कान लावायची. फरशी काठीने ठोकून पाहायची. समोर राक्षस आला तर आधी त्याला विचारायची, जेवला काय रे बाबा. जुन्या पुस्तकात राक्षससुद्धा प्रत्येक वेळी अंगावर येत नाही. कधी कधी तोही नुसता बघतो, तोही कंटाळलेला असतो.

आणि एक नियम तिला फार आवडला होता. त्या आवृत्तीत मारामारीला जवळपास काही मोल नाही. आत जाऊन जे काही हाती लागेल ते घेऊन तुम्ही जिवंत बाहेर आलात, तर त्याचे गुण. "पाह्य संद्या," ती मला म्हणाली, "बाहेर येण्याचे गुण देतेत हे." म्हातारी चोर एका पितळी दिव्याला छातीशी धरून गुहेतून पळाली, मागे तिघे पहारेकरी, पुढे ओढा, आणि तिने ओढ्यात म्हशींच्या कळपात बुडी मारली. म्हशी कुठून आल्या, असं पंकजने विचारलं. "वढ्यात म्हशी नसतीन तं काय असते?" असं ती म्हणाली आणि हसायला लागली. होळीनंतर पहिल्यांदा ती अशी मोकळेपणाने हसली. आवाज चांगलाच मोठा होता. बाबा दाराशी आले, काही क्षण तिच्याकडे पाहत उभे राहिले, आणि हळूच म्हणाले, "समोर आवाज जाते, बाई." मग ते गेले आणि त्यांनी मधलं दार ओढून घेतलं.

पुढे पुढे गोष्ट सांगायचं काम तिनेच घेतलं. शाळेच्या सहलीत पाहिलेल्या पातूरच्या लेण्या तिने आठवून आठवून कागदावर काढल्या आणि त्यांच्या पोटात खोल्यांमागे खोल्या खोदत नेल्या. तिच्या गोष्टीत राजपुत्र नसायचे. सरायीतला माणूस तिखट पातोडीची भाजी वाढायचा, चेटकीण वऱ्हाडीत खेकसायची. मशाल किती जळली याचा हिशेब ती कडक ठेवायची, आणि अंधारात आम्ही चाचपडायला लागलो की डोळे मिटून बसायची. आजही लोक इंटरनेटवर या आवृत्त्यांवरून भांडतात. कोणती खरी, कोणती सोपी, कोणत्या आवृत्तीने खेळाचा सत्यानाश केला. नोकरीवर जाताना गाडीत मी ती भांडणं वाचतो. सगळी हुशार माणसं आहेत. पण दार लावलेल्या खोलीत बसून तो खेळ खेळणाऱ्या बाईला काय वेगळं दिसतं, हे त्यांच्यातल्या कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही.

मे महिना संपत आला तेव्हा अमरावतीहून माणसं आली. ताईचा नवरा आणि त्याचे मोठे काका. समोरच्या खोलीत सतरंजी टाकली, आईने पन्हं केलं. ताईला बोलावून एका बाजूला बसवलं. काका समंजस आवाजात म्हणाले, "झालं गेलं जाऊ द्या, गुरुजी. पोरगं सुधरलं हाय. मोबाईल आता तिच्याजवळ राहीन. कुलुपाची एक चाबी तिले देऊन टाकू. आणखी काय पायजे?"

"नोकरीचंही बघू," नवरा म्हणाला. "एखाद्या वर्षाने."

बाबांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई सतरंजीकडे पाहत होती. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुलूप बाहेरून लावाल ना?"

"हो, दाराला बाहेरूनच असतं ते," नवरा म्हणाला.

"अन् चाबी माह्याजवळ, आत. मंग थे मी उघडाचं कसं?"

काका म्हणाले, "अवं, आता कुलूप कोणी लावणारच नाई."

"मंग चाबी कावून देऊन राहिले?"

पन्हं तसंच राहिलं. माणसं उठून गेल्यावर बाबा म्हणाले, "येवढं तोडून बोलाची काय गरज होती, वैशू? ते द्याले तयार झाले होते." ताई मागच्या खोलीत येऊन माझ्या आणि पंकजच्या समोर बसली. फाशांची पिशवी उगाच हातात घेतली. म्हणाली, "नवीन आवृत्ती काढली त्याइनं. पुस्तक चकाचक हाय. खेळ थोच."

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, फक्त त्यांचं वजन आठवतं. आभाळ भरून यायचं आणि पडायचं नाही. घरात सगळे एकमेकांच्या वाटेतून बाजूला व्हायचे. बाबांनी तिला सांगितलं होतं, पाऊस लागायच्या आत काय ते ठरव, आणि शक्यतो घर मोडू नको, माय. ते हे हात जोडून म्हणाले होते. बाबांना मी दुष्ट म्हणू शकत नाही. लोकांच्या नजरेत त्यांनी आयुष्यभर कमावलेली एक जागा होती, आणि ती जागा हीच त्यांची खोली होती. तिला दुसरं दार असेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

ताईने माझ्या मोबाईलवरून तिच्या जुन्या लॅबमधल्या मैत्रिणीला फोन केला. मैत्रीण आता नागपूरला एका मोठ्या लॅबमध्ये होती. तिथल्या लोकांनी ताईशी फोनवर बोलून घेतलं, मग एकदा समोरासमोर बोलायला बोलावलं. ताई आईला सांगून गेली, संध्याकाळी परत आली. पुढच्या आठवड्यात सकाळी बाबा चहा घेत असताना ती त्यांच्या समोर बसली.

"बाबा, मी नागपूरले जातो. नोकरी लागली."

बाबांनी बशी खाली ठेवली. "अन् मी लोकाइले काय सांगू?"

"सांगा, लेक नोकरीवर गेली. मांडवात सांगता तसंच सांगा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं असावं. बाबा उठून आतल्या खोलीत गेले. जायच्या दिवशी ताई भर सकाळी, समोरच्या दाराने, सगळी गल्ली नळावर पाणी भरत असताना निघाली. मी तिची बॅग घेतली. आई दारात उभी राहिली. दोन घरं पुढे कुणीतरी विचारलं, "निघाली का गं सासरी?" ताई म्हणाली, "नाई, काकू. नागपूरले. कामावर." स्टेशनवर पंकज आला होता. त्याने ती झेरॉक्स तिच्या हातात ठेवली. त्याच संध्याकाळी त्याने आपल्या काकांना नोकरी गेल्याचं सांगून टाकलं, असं मला नंतर कळलं.

बाबा तिच्याशी बोलायचे थांबले. तिचा फोन आला की ते तो न बोलता आईच्या हातात द्यायचे. तिचं लग्न रीतसर मोडायला वेळ लागला, पण मोडलं. ती सणावाराला यायची, दोन दिवस राहायची, बाबांच्या ताटात भाजी वाढायची. ते जेवायचे. मांडवातली भाषणं त्यांनी त्याच्या पुढच्या वर्षीपासून बंद केली. घसा साथ देत नाही, असं सांगायचे. घशाला काही झालेलं नव्हतं.

आणि मी. वयाची अट संपेपर्यंत परीक्षा देत राहिलो. मग अमरावतीच्या एका कार्यालयात कारकून म्हणून लागलो. रोज सकाळी गाडीने बडनेरा, तिथून ऑटो, संध्याकाळी उलट. मूर्तिजापूर येतं, जातं. खिडकीतून तीच शेतं, कधी काळी, कधी हिरवी, कधी नांगरलेली. तक्रार करावी असं काही नाही, आणि हेच त्यातलं सगळ्यात घट्ट कुलूप असावं. जाड पुस्तक आवडणाऱ्या माणसाला जाड पुस्तकासारखं आयुष्य मिळालं. प्रत्येक गोष्टीला नियम आहे, त्यामुळे नियमात नसलेलं काही करून पाहावं असं सुचतच नाही.

यंदा जयंतीला ताई आली आणि जोडून सुट्टी घेऊन थोडी जास्त राहिली. पंकज आता हैदराबादला आहे. त्याने आमच्या पत्त्यावर खेळाची अगदी ताजी, सुधारून काढलेली आवृत्ती पाठवली होती. ताईच्या बॅगेत ती जुनी झेरॉक्स होतीच. नागपूरला रविवारी ती लॅबमधल्या पोरींना घेऊन खेळते. दुपारी आम्ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बसलो आणि जुने वाद पुन्हा घालू लागलो. नव्या पुस्तकात मरण आणखीच अवघड केलंय, असं मी म्हणालो. ताईने नाक मुरडलं. आई झोपली होती. बाबा आरामखुर्चीत पेपर घेऊन बसले होते, पण पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"याच्यात मास्तर चालते काय?" त्यांनी पेपराआडून विचारलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चालते."

तिने जुन्या आवृत्तीत त्यांच्याकडून फासे टाकून घेतले. एक अशक्त, बऱ्यापैकी हुशार मास्तर तयार झाला, हातात कंदील आणि काठी. मी त्यांच्या बरोबरचा शिपाई. ताईने डोंगर सांगितला, गुहेचं तोंड सांगितलं, आत खाली उतरणाऱ्या पायऱ्या सांगितल्या. म्हणाली, "बाबा, काय करता?"

"उतरतो," बाबा म्हणाले. आयुष्यभर वर्गात शिरलेल्या माणसासारखं ते म्हणाले.

ताईने फासा टाकला. पायरी ढासळली. मास्तर खाली पडला. आकडा शून्याच्या खाली गेला.

"मेला?"

"मेला."

"येवढ्यातच?"

"या पुस्तकात येवढ्यातच."

बाबांनी चष्मा काढला. "मले काय माहीत पायरी कच्ची हाय," ते म्हणाले. "मी तुले विचारलं असतं तं तू सांगितलं असतं?"

"सांगितलं असतं, बाबा."

बाहेर गल्लीत कुल्फीवाल्याची घंटी वाजत गेली आणि लांब जाऊन थांबली. बाबा फरशीकडे पाहत म्हणाले, "मी विचारलंच नाई." काही वेळाने पुन्हा म्हणाले, पण आता ते खेळाबद्दल बोलत नव्हते, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. "तू घरी आली होती तवा, काय झालं, कसं झालं, मी तुले येकदाही विचारलं नाई."

ताईने झेरॉक्सचं पुस्तक मिटलं आणि बाजूला सारलं. मग ते नवं, गुळगुळीत पुस्तक ओढून घेतलं, ज्या धाटणीच्या मवाळ नियमांना ती इतकी वर्षं हसत आली होती. पानं उलटून हवं ते पान काढलं.

"याच्यात तुमचा मास्तर अजून मेला नाई," ती म्हणाली. "पडून हाय नुसता. टाका फासा."

बाबांनी टाकला. कमी पडला.

"टाका अजून."

त्यांनी टाकला. मास्तर वाचला का? वाचला, पण बराच वेळ लागला, आणि मी पुढे होऊन त्याला बाहेर ओढून काढलं. बाबा तोंड धुवायला गेले आणि बऱ्याच वेळाने आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघालो. व्हरांड्यात बूट घालत होतो. आत बाबा आणि ताई चहा घेत होते. बाबांनी घसा खाकरला आणि विचारलं, "तुह्या त्या लॅबमंधी दिवसभर काय काम करा लागते, वैशू?"

ताई सांगू लागली. सकाळी मशीन कशी सुरू करतात, लहान मुलांची शीर कशी शोधायची, घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचं. बाबा मध्येच पुढचं विचारत होते. तिचा आवाज हळूहळू मोठा होत गेला, समोरच्या दारातून गल्लीत जाऊ लागला, आणि तिला कुणी हळू बोल म्हटलं नाही. मी एका पायात बूट घालून ऐकत बसलो. घड्याळ दिसत होतं. आता उठलो तर गाडी मिळते, हे मला माहीत होतं.

मी उठलो नाही. दुसऱ्या पायातही बूट घातला नाही. माझी बडनेऱ्याची गाडी त्या दिवशी माझ्याशिवाय गेली.